सुटायला शिवलेलं

पुलाच्या मधोमध आल्यावर त्याला खाली रुळांवर काम करणारी गँग दिसली, आणि सवयीने त्याची नजर आधी खांद्यांवर गेली. शिंप्याचं असंच असतं. इतर लोक चेहरा बघतात, तो पाठ बघायचा. पाठमोऱ्या माणसाकडे एकदा बघून त्याला कळायचं की याचा उजवा खांदा पडलाय, याची कॉलर मागून ओढणार, याला शर्ट कधीच नीट बसलेला नाही आणि बिचाऱ्याला ते माहीतही नाही. दुपारच्या वेळी तो पलीकडच्या बटणांच्या दुकानात निघाला होता, खिशात नमुन्याचं एक तुटकं बटण होतं आणि डोक्यात गिऱ्हाइकाचा कोट. खालची माणसं सगळी नारिंगी जाकिटांत होती, जाकिटांवर उभ्या-आडव्या चंदेरी पट्ट्या, डोक्यावर हेल्मेटं, त्यामुळे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी सारखी. तरी खांदे वेगळे होतेच. कडेला उभ्या असलेल्या एकाचा डावा खांदा चांगलाच उतरलेला होता आणि जाकीट अंगावर पोतं टाकल्यासारखं लोंबत होतं. त्याने मनातल्या मनात त्या जाकिटाचा मुंढा, म्हणजे हात जायचा घेर, खोल केला, डाव्या बाजूला आतून थोडी भर घातली, बगलेतलं जास्तीचं कापड कापून टाकलं. मग ते माणूस वळलं, हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा नीट केला, आणि ती त्याची बायको होती.

तो कठड्याला धरून उभा राहिला. मागून येणारा एक हातगाडीवाला "अहो, सरका की जरा" म्हणाला, तेव्हा तो बाजूला झाला, पण पुढे गेला नाही. त्याला आधी हसू आलं, मग ते कुठेतरी अडकलं. लग्नाआधीपासून तिचे कपडे तोच शिवत होता. किंबहुना लग्न जमलं तेच मापं घेताना. ती टेपखाली गुदगुल्या झाल्यासारखी हलायची आणि तो मुद्दाम माप चुकवून पुन्हा घ्यायचा. अंधारात हात लावून त्याने तो खांदा ओळखला असता, अशी त्याची समजूत होती. आणि आता भर उन्हात, वरून, सगळं स्वच्छ दिसत असताना, त्याला तो कुणा परक्याचा वाटला होता. डावा खांदा कधी उतरला? पहार त्याच खांद्यावर घेत असणार. मधे एकदा ती म्हणाली होती, कुडता दंडात काचतो. त्याने माप न घेताच शिवण सोडून दोन बोटं जागा करून दिली होती आणि पुढच्या कामाला लागला होता. सोडलेल्या शिवणीला हात लावताना त्याच्या मनात काहीच आलं नव्हतं. कपडा आटला असेल, एवढंच.

आणि नेमकं आज सकाळीच ते झालं होतं. भांडण म्हणण्यासारखं नव्हे. रेल्वेच्या साहेबांनी तिला स्टोअरमध्ये जागा देऊ केली होती, गँगमधल्या लोकांना हेल्मेटं, जाकिटं, बूट, हातमोजे द्यायचे, फाटलेले परत घ्यायचे, एवढंच काम. उद्यापर्यंत काय ते सांगायचं होतं. त्याच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

"हो म्हणून टाक," तो म्हणाला होता.

"बघते."

"बघते काय? डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची. लोक मागे लागून मागतात असली जागा."

"मग लोकांना देऊ देत."

"हे मी कुणासाठी सांगतोय?"

ती बुटांच्या नाड्या बांधत होती. त्या बुटांच्या पुढच्या टोकात पोलाद होतं, आणि ते घातले की घरातली फरशी वेगळीच वाजायची. नाडीची गाठ मारून झाल्यावर तिने वर बघितलं. "तुम्ही कधी बघितलंय मी काय करते ते?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. मीठ बरोबर आहे का, असं विचारावं तसं विचारलं.

"रूळ दुरुस्त करतेस," तो म्हणाला. "त्यात बघायचं काय?"

ती उठली, डबा घेऊन गेली. आतून आई म्हणाली, "तू असं बोललास की ती मुद्दाम नाही म्हणणार." आईलाही तिने स्टोअरमध्येच जावं असं वाटत होतं, पण आईची कारणं वेगळी होती. आईला त्या जाकिटाची लाज वाटायची. पहिल्यांदा ते गॅलरीत वाळत घातलं तेव्हा आई म्हणाली होती, "काढ ते आत, आपल्या दारात गाड्या थांबायला लागतील." आणि भरतीच्या वेळी बायको सकाळी वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गल्लीला फेऱ्या मारायची, तेव्हाही म्हणाली होती, "आधी सांगितलं असतंस तर लग्नात अंगठीऐवजी पहारच केली असती तुला." बायको या सगळ्यावर हसायची. तिचं हसणं नेहमीच बारीक होतं, आणि बोलणंही. आई सारखी म्हणायची, तोंडात काय भरलंय का, जरा मोठ्याने बोल.

भरतीआधी ती त्याच्या दुकानातच बसायची, काजं करायची, तुरपाई करायची. हात चांगला होता तिचा, टाका दिसायचा नाही. पण तासाभराने ती उठून दारात जाऊन उभी राहायची. "मला बसून काम होत नाही हो," एकदा ती म्हणाली. "आधी पायांना मुंग्या येतात, मग डोक्याला." त्याला वाटलं होतं, थट्टा आहे. तिने परीक्षा दिली, वजन उचलून पळाली, पास झाली, आणि एके दिवशी कामाच्या कपड्यांचं बोचकं घेऊन घरी आली. ती आंघोळीला गेली तेव्हा त्याने ते दुकानातल्या कापायच्या टेबलावर सोडलं. जाड विणीची पँट, लांब हातांचा शर्ट, आणि ते बिनबाह्यांचं जाकीट, ज्याला तो बंडी म्हणायचा आणि ती दर वेळी "जाकीट" म्हणून त्याला सुधारायची. कापडाला हात लावताच त्याला कळलं की हे कापणाऱ्याला आपलं काम येतं. गुडघ्यावर दुहेरी थर, खिशांच्या कोपऱ्यांवर दाट टाके, शिवणी सगळ्या आत दुमडलेल्या, कुठे एक सूत बाहेर नाही. रंग असा की दगडात, गंजात, पानांत, आभाळात, कशातच तो सापडणार नाही. पट्टी कंबरेभोवती अखंड फिरलेली आणि दोन्ही खांद्यांवरून मागे उतरलेली, म्हणजे माणूस वाकला, बसला, आडवा झाला तरी कुठून तरी चमकणारच. बराच वेळ तो बघत राहिला होता. दुसऱ्याच्या कामाचं त्याला सहसा कौतुक वाटत नसे. त्या दिवशी वाटलं, आणि थोडा हेवाही.

मग त्याला खांदा दिसला. जाकिटाला खांद्यावर आणि बगलेत शिवणच नव्हती. व्हेल्क्रोच्या पट्ट्या होत्या, ओढल्या की चर्रकन उघडायच्या. शिवाय माप पुरुषाचं होतं, तिच्या अंगावर ते एखाद्या आडदांड भावाचं घातल्यासारखं दिसणार. त्याला ते सहनच होईना. इतकं सुंदर काम आणि मोक्याच्या जागी असा आळस.

"मी नीट शिवून देतो खांद्याला," ती ओले केस पुसत आली तेव्हा तो म्हणाला. "बगलेतूनही घेतो आत."

"हात लावायचा नाही त्याला. आम्हाला बजावून सांगितलंय."

"अगं, पण हे सुटतं."

"ते सुटायलाच शिवलंय."

"सुटायला कोण शिवतं?"

ती सांगू लागली होती, काहीतरी गाडीबद्दल, काहीतरी अडकण्याबद्दल. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते राहून गेलं.

आता खाली पहारी रुळाखाली घातल्या गेल्या होत्या. मुकादम, एक पोट सुटलेला माणूस, गुडघे टेकून रुळाच्या कडेला गाल लावून सरळ रेषेत बघत होता, तसंच जसं तो स्वतः कापडाची धार बघायचा. मुकादमाने हात वर केला. आणि मग एक आवाज आला. मोकळा, छातीतून काढलेला, थोडा चिरका, गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा बाईचा आवाज. "घ्या रे, घ्या," तो आवाज म्हणाला, आणि सगळ्यांनी "हो" केलं. "सासू म्हणे सून कुठं," "हो," "सून बसली रुळापाशी," "हो," आणि दर हो-ला सगळी नारिंगी जाकिटं एकदम मागे झुकायची, पहारी एकदम खाली जायच्या, आणि तो काळा, जड, न हलणारा रूळ नखाएवढा हलायचा. "मुकादमाचं पोट हलेना," "हो." मुकादम रुळावरून गाल न काढता हसला. वरून बघणाऱ्या शिंप्याला कळायला वेळ लागला, कारण गँगमध्ये बाई एकच होती आणि तो आवाज तिचाच असणार हे दिसत असूनही त्याच्या डोक्यात ते दोन तुकडे जोडले जात नव्हते. ती पहार धरून पाय रोवून उभी होती, मान वर, आणि ती ओरडत होती, आणि तिच्यापेक्षा दुप्पट आकाराची माणसं तिच्या श्वासावर वाकत होती आणि उठत होती. तिने उशीर केला तर ती थांबत, तिने घाई केली तर घाई करत. तो एकाच घरात इतकी वर्षं या बाईबरोबर राहिला होता आणि तिला मोठ्याने बोल म्हणून सांगणाऱ्यांत बसला होता.

हातगाडीवालाही गाडी लावून बघत उभा राहिला होता. "ही रोज असते," तो म्हणाला. "मी मुद्दाम थांबतो. काय एकेक जोडते. काल माझ्यावर जोडलं. वर बघून."

"हो का," तो म्हणाला. माझी बायको आहे, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर लगेच, मग तुम्ही रोज बघत असाल, असं काहीतरी उत्तर येईल याची त्याला भीती वाटली.

रूळ तिथे वळत होते. वळणावर, बराच लांब, झेंडेवाला उभा होता, गाडी आली की भोंगा वाजवायचा एवढंच त्याचं काम. त्याचा भोंगा वाजला. गाणं तुटलं, पहारी उचलल्या गेल्या, सगळे रुळांवरून बाहेर खडीच्या कडेला जाऊन ओळीने उभे राहिले, कुणी घाई न करता, रोजच्यासारखे. पलीकडच्या रुळावरून, त्याच्या पायांखालून, एक मालगाडी निघाली आणि त्यांच्या समोरून जाऊ लागली. रिकामी मालगाडी, तिचा आवाज असा की पुलाचा कठडा हातात थरथरत होता. त्या आवाजात त्याला गँग दिसत होती आणि काही ऐकू येत नव्हतं. ओळीतला एक उंच माणूस, वयस्कर, जरा पोक काढून उभा असलेला, त्याचं लक्ष अलीकडच्या रुळाकडे गेलं. एक पहार रुळाला टेकून राहून गेली होती. तो माणूस ओळीतून निघाला, दोन ढांगांत रुळापाशी पोचला, पहार उचलली आणि तिथेच उभा राहून ती हातातल्या हातात नीट धरू लागला. बाकी सगळे मालगाडीकडे बघत होते. लांब झेंडेवाल्याचा लाल झेंडा वेड्यासारखा हलत होता. तो भोंगाही वाजवत असणार. आणि त्याच्या मागून, वळणावरून, अलीकडच्याच रुळावर दुसऱ्या गाडीचं तोंड आलं.

हे त्याला वरून दिसलं, सगळं एकदम, कापडावर खडूने आखल्यासारखं. त्याने हाक मारली असावी, कारण हातगाडीवाल्याने दचकून त्याच्याकडे बघितलं. खाली एकच जाकीट हललं. ती पळाली, खडीत ते बूट घालून कुणी इतकं पळू शकेल असं त्याला वाटलं नसतं, तिने मागून त्या माणसाला धरलं आणि स्वतःचं सगळं वजन मागे टाकलं. तो माणूस पहारीसकट तिच्या अंगावरून मागे आला, त्याच्या वजनाने ती गर्रकन फिरली, आता तो बाहेर आणि तिची पाठ रुळाकडे, तिचं मोठं जाकीट वाऱ्याने फुगलेलं. मग गाडीचं तोंड मधे आलं आणि ती सगळी माणसं गाडीच्या आड गेली.

गाडी संपेना. ब्रेक लागल्याचं किंचाळणं मालगाडीच्या आवाजात मिसळलं होतं, तरी डबे येतच होते. त्याच्या मनात कोणताही विचार नव्हता, फक्त वस्तू येत होत्या, एकेक, अगदी स्पष्ट: तिच्या बुटाची नाडी, काचणारा दंड, नारिंगी दोऱ्याचं रीळ. ते रीळ का, हे त्याला कळेना, आणि मग कळलं. पहिल्या आठवड्यात एकदा ती झोपलेली असताना त्याने ते जाकीट खाली दुकानात आणलं होतं. तिला न सांगता खांद्यावर आणि बगलेत आतून पक्का बखया मारायचा, तिला कळणारही नाही, आणि ते अंगावर नीट बसेल. सुईत दोरा ओवून झाला होता. मग त्याने दोरा कापडाला लावून बघितला, आणि रंग जुळत नव्हता. दोरा एक छटा गडद होता. दिसला असता. त्याला आपलं काम असं दिसलेलं चाललं नसतं, म्हणून त्याने दोरा काढला, जाकीट परत खुंटीला लावलं, आणि जुळता दोरा आणायचं मग विसरूनच गेला.

पहिले डबे पुलाखाली येत होते. तो कठड्यावर ओणवा झाला. आणि त्याला ते दिसलं. एका डब्याच्या दाराच्या पायरीला अडकून एक नारिंगी जाकीट येत होतं, पत्र्यावर आपटत, फडफडत, चंदेरी पट्ट्या उन्हात लखलखत. जवळ आलं, त्याच्या पायांखाली आलं. तो वळून पुलाच्या दुसऱ्या कठड्याकडे धावला. गाडीचा वेग आता पडला होता. जाकीट पुन्हा बाहेर आलं आणि आता त्याला ते वरून पूर्ण दिसलं, उघडलेलं, दोन्ही खांदे सुटलेले, बगला सुटलेल्या, सपाट, कापण्याआधी टेबलावर पसरलेल्या कापडासारखं. त्यात कुणीही नव्हतं. त्याने ते पुन्हा पुन्हा बघितलं. शिंपी असूनही रिकाम्या कपड्याकडे त्याने असं कधी बघितलं नव्हतं.

गाडी थांबली तेव्हा शेवटचे डबे अजून वळणावर होते आणि पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. "सुटलं," तो हातगाडीवाल्याला सांगत होता. "बघा, सुटलंय ते. फाटलेलं नाही. पट्टी सुटलीये." हातगाडीवाल्याने त्याचा दंड धरला. "खाली बसा तुम्ही," तो म्हणाला. "कोण आहे का तुमचं?"

"घरची आहे," तो म्हणाला.

हातगाडीवाला पुलाच्या टोकापर्यंत धावत गेला, तिथून कोनातून पलीकडचं दिसत होतं, आणि तिथूनच त्याने दोन्ही हात हलवले. "बसलीये," तो ओरडला. "दोघं बसलेत. शिव्या घालतीये त्याला."

तोही टोकाला गेला. गाडी आणि खडीच्या उताराच्या मधल्या पट्ट्यात तो उंच माणूस पाय पसरून बसला होता, हेल्मेट मांडीवर, आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याला काहीतरी बोलत होती, हात उगारत होती, मग तोच हात त्याच्या पाठीवरून फिरवत होती. बाकीचे भोवती गोळा झाले होते. नारिंगी घोळक्यात ती एकटी मळक्या शर्टात होती. झेंडेवाला पळत आला होता आणि वाकून धापा टाकत होता. थोड्या वेळाने गाडी हळूच निघाली. ती उठली, पँट झटकली, आणि पहार उचलायला गेली, तर मुकादमाने तिच्या हातातून ती काढून घेतली आणि तिच्या अंगाकडे बोट दाखवलं: जाकीट नाही, काम नाही. तेव्हा तो उंच माणूस बसल्या जागीच स्वतःचं जाकीट काढू लागला. उठून त्याने ते तिच्या खांद्यांवर घातलं. ते तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, फार वेळ, लोक भीतीनंतर हसतात तसे. आणि मग, तो अजून पुलावरच असताना, तो आवाज पुन्हा आला. पहिल्या ओळीला थोडा फाटला, दुसऱ्या ओळीला लागला. त्या उंच माणसाला त्यांनी सावलीत बसवून ठेवलं होतं. बाकीचे वाकले, उठले, वाकले. तिला खाली जाऊन भेटावं असं त्याला वाटलं नाही. ती तिथे होती आणि ते तिचं होतं. त्याने नुसतं ऐकलं, हात कठड्यावर ठेवून, काम संपून गँग वळणाआड जाईपर्यंत. बटण आणायचं राहूनच गेलं.

ती नेहमीच्या वेळी घरी आली. बूट दाराबाहेर काढले, हात मागे धरून आत आली. आई भाजी निवडत होती. "जाकीट कुठाय तुझं?" आईने लगेच विचारलं, नकोशी गोष्ट दिसली नाही तरी आईच्या लक्षात यायची.

"गेलं," ती म्हणाली. "नवीन देणारेत." तिचा घरातला बारीक आवाज.

तो दुकानातून वर आला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याने पाणी भरून आणलं आणि तिने ते हाताच्या पंजाने न धरता दोन मनगटांत धरून प्यायलं.

"मी पुलावर होतो," तो म्हणाला.

तिने भांडं खाली ठेवलं. "कधी?"

"सगळा वेळ."

तिच्या मानेवर लाली चढत गेली. "म्हणजे ते ओरडणंही ऐकलंत," ती म्हणाली.

"ऐकलं."

"ते तसंच म्हणायचं असतं हो. काहीही जुळवायचं. सासूचं म्हणजे आईंचं नाही."

"कुणाचं?" आईने विचारलं.

तो हसला. आपल्याला हसता येतंय याचं त्याला नवल वाटलं. सकाळपासून तिला सांगायच्या म्हणून त्याने कितीतरी गोष्टी मनात मांडल्या होत्या, पंखा, खुर्ची, आणि दुपारनंतर तर आणखी जोरात मांडता आल्या असत्या. कुणीही त्याचंच बरोबर म्हटलं असतं. पण त्या मांडायला गेलं की त्याला तो रूळ नखाएवढा हलताना दिसायचा.

तेवढ्यात दार वाजलं. तो उंच माणूस होता, अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, आणि सोबत त्याची बायको. गँगमध्ये त्याला सगळे लांबूदादा म्हणत, हे शिंप्याला तेव्हा कळलं. दारातून तो वाकून आला आणि आत येऊनही जरा वाकलेलाच राहिला. लांबूदादाची बायको सरळ जाऊन शिंप्याच्या बायकोशेजारी बसली, तिचा एक हात ओढून घेतला, आणि तो मांडीवर घेऊन बसली. तेव्हा आईला तळवा दिसला, खडीने सोलवटलेला. आईच्या हातातली भाजी तशीच राहिली. कुणी काही सांगण्याआधी तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकदा बघितलं, आणि चहा ठेवायला उठली.

चहा झाला. लांबूदादा कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"आभार मानायला नाही आलो," तो म्हणाला. "त्याला काय, रोज भेटतोच. एक विचारायला आलोय."

"विचारा ना, दादा," ती म्हणाली.

"भोंगा मला ऐकूच आला नाही. आजच नाही, बरेच दिवस नाही येत नीट. तुम्ही हललात की मी हलायचो. आज तुम्ही सगळे हलून उभे होतात, समोर मालगाडी होती, मला वाटलं तेवढीच गाडी." त्याने कप खाली ठेवला. "स्टोअरची जागा तुला देऊ केलीये. तू घेणार असशील तर मी तोंड उघडत नाही, शपथ. पण नसशील घेणार, तर मी उद्या सकाळी साहेबांना जाऊन सांगतो, माझे कान गेलेत, मला बसवा तिथे. हे सांगायचं म्हणजे मला जिवावर आलंय. पण सांगतो."

लांबूदादाने त्याच्याकडे बघितलं, घरातला पुरुष म्हणून, आणि आईनेही बघितलं. आता एक शब्द पुरला असता. त्याला आतून तो शब्द वर येताना जाणवला, खरा, काळजीचा, आणि त्याचबरोबर ते रिकामं जाकीट पुलाखालून जाताना दिसलं.

"तिला विचारा," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, शिवून आलेला कपडा अंगावर घालून आरशात बघावं तसं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली, कुणा एकाला उद्देशून नाही. "आजच नाही, पहिल्या दिवसापासून. दुपारी तर पाय हलेनात, म्हणून लगेच ओरडायला लागले. पण तिथे बसून जाकिटं वाटायला लागले ना, तर मला ऐकू येत राहील कुणीतरी चुकीच्या वेळी ओरडतंय ते." ती लांबूदादाकडे वळली. "तुम्ही जा, दादा."

लांबूदादाने मान हलवली, पुष्कळ वेळा. "तुझ्या मापाचं जाकीट मागवतो," तो म्हणाला. "बायकांची मापं येत नाहीत म्हणतात. मागत राहीन. मला तरी काय, नाही म्हटलेलं ऐकूच येणार नाही." आपल्या विनोदावर तो हसला नाही, त्याची बायको हसली आणि मग तिने पदराने डोळे पुसले. निघताना तिने तो हात जपून, परत ठेवावा तसा, मांडीवर ठेवला.

ती दोघं जिना उतरून गेल्यावर आई म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

"विचारते ना," बायको म्हणाली. "जाऊ का उद्या?"

"माझं ऐकणार आहेस?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला," आई म्हणाली. उठून कपाटातून तिने कापूस आणि औषधाची बाटली आणली, आणि गुडघ्याला हात लावत सुनेसमोर जमिनीवर बसली. "दाखव. दोन्ही."

बायकोने तळवे पुढे केले. आई वाकून बघत होती, पण संध्याकाळ झाली होती आणि तिला बारीक खडे दिसेनात. तो उठला, दिवा लावला, आणि तो त्या दोघींच्या मधे धरून उभा राहिला.